कॅप्टन तांबडे घरी कधी पोचला

विष्णू, परवा कॉलनीच्या हॉलमध्ये तुझ्या फोटोला हार घातला, अध्यक्ष बोलायला उभे राहिले, आणि मला हसू फुटलं. तुझी सून माझ्याकडंच बघत होती. मी पटकन उपरणं तोंडाला लावलं. तिला वाटलं काका रडतायत. बिचारीनं पाणी आणून दिलं, मी प्यालो. तुला म्हणून सांगतो, मला त्या वेळी आपला कॅप्टन तांबडे दिसत होता. त्याच्याही गळ्यात पदकाची जाड फीत, जिला आपण हार म्हणायचो. शेजारी उंच टोपीवाले पुढारी, मागं झेंडे. आपल्या गोष्टीतलं पहिलं चित्र. पहिलं म्हणलं की तू जिथं असशील तिथून म्हणशील, "मेल्या सोपाना, पहिला न्हय, शेवटचा." म्हण. तुझं न ऐकायची सवय मला काही आजची नाही.

अध्यक्षांनी तुझं सगळं ओळीनं सांगितलं. जन्म कुठला, नोकरी कुठली, रिटायर कधी, मुलं किती. ओळीनं सांगितलं की चांगला माणूसही किती कंटाळवाणा होतो ते मला त्या दिवशी कळलं. चित्रांच्या अंकाचं कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? ते माहीत असलेला हॉलमध्ये मी एकटा, आणि मला कुणी माइक दिला नाही. दिला असता तर परत घेता आला नसता हे त्यांना ठाऊक असावं.

म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा तुला माहितीये, चौथीत मास्तर आणि मी दोघांनीही नाद सोडला. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोला, मी मोबाईलवर घेते." म्हणलं नको, तो मोबाईल मधेच माझं मराठी सुधारतो.

कारखाना तेव्हा नवाकोरा होता. इंजेक्शनचं औषध तिथं तयार व्हायचं. आमची गुरं ज्या माळावर चरायची तिथं चिमणी उभी राहिली, आणि गुरांमागं फिरणारा मी बॉयलरवर लागलो. तू बाटल्या धुवायच्या खात्यात. तू कुडाळकडचा, मी पिंपरी गावठाणातला. पहिल्या दिवशी तू मला "तुम्ही" म्हणालास. ते पहिलं आणि शेवटचं. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातलं कोरड्यास खाऊन तू म्हणालास, "ह्यात नारळ नाय?" मी म्हणलं, "इष्णू, आमच्यात नारळ देवाला फोडत्यात." तिथून आपलं भांडण सुरू झालं ते काल-परवापर्यंत.

तुझा मामा विलायती साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. साहेब यंत्रं बसवायला आलेला, बायको आणि पोराला घेऊन. पोराला तिकडून एक साप्ताहिक यायचं. दर आठवड्याचं, पण बोटीनं यायचं म्हणून दोन-तीन महिन्यांचे अंक एकदम, गुंडाळी करून. केवढं मोठं पान, आणि रंग असा की बोट लावलं तर बोटाला लागेल. पोराचं वाचून झालं की मडम गठ्ठा मामाला द्यायची, फडताळात अंथरायला. मामानं एक अंथरला. तू तो डब्यांखालनं ओढून काढलास आणि मामाचा हळदीचा डबा सांडलास. त्या अंकाला शेवटपर्यंत हळदीचा वास होता.

त्या साप्ताहिकाची जन्मकथा आपल्याला मामाकडून कळली. मडमेनं त्याला सांगितली, त्यानं आपल्याला, मधे किती मीठमसाला पडला देव जाणे. मामा म्हणायचा, लढाई संपली तरी त्यांच्या मुलखात साखर रेशनवर होती, कागद मिळत नव्हता, आणि पोरं कुठली तरी खूनबाजीची फडतूस चित्रं वाचून बिघडायला लागली होती. तेव्हा कुणा भल्या माणसाच्या मनात आलं की पोरांना चांगलं काही द्यावं, आणि द्यायचं तर हात राखून देऊ नये. मग चांगले चित्रकार धरले, रंग ओतला. अंक निघायच्या दिवशी पोरं शाळेच्या आधी दुकानापुढं उभी राहायची. "राशनच्या रांगेसारकी," मामा म्हणायचा. साहेबाच्या देशातही रांगा असतात हे ऐकून तू दोन दिवस खुशीत होतास.

पहिल्या पानावर तो कॅप्टन, पाण्याखाली जाणारी बोट घेऊन फिरणारा. गाल असे लाल की तू म्हणालास त्याला रातांबे नाव ठेवू. मी म्हणलं, हितं रातांबा कुणी बघितलाय, गाजरे ठेव. शेवटी तांबडेवर तोड निघाली. त्याचा जाडा सोबती पोटोबा, आणि हिरव्या तोंडाचा दुष्मन हिरव्या. शेवटच्या पानावर कुणी दाढीवाला साधुपुरुष, गरिबांमधे बसलेला. त्याच्यावर आपण कधी विनोद केला नाही. आणि मधल्या मोठ्या पानावर एखादं यंत्र उभं चिरलेलं. इंजिन, विमान, आगबोट. "फणस फोडल्यासारखा," तू म्हणालास, आणि खरंच आतले गरे-आठळ्या सगळं दिसायचं. एकदा त्या पानावर बॉयलर निघाला. विष्णू, मी रोज बॉयलरपुढं उभा राहणारा माणूस. कोळसा टाकायचा आणि काटा बघायचा, एवढंच मला माहीत. आत काय चाललंय ते मला तू आणलेल्या त्या पानानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी बॉयलरपुढं उभा राहिलो तेव्हा वाटलं, आता आपली ओळख झाली. तुला हे कधी बोललो नव्हतो. बोललो असतो तर तू चारचौघांत सांगितलं असतंस.

इंग्रजी आपल्या दोघांनाही ओ का ठो येत नव्हतं. पण तुमच्याकडं देवळात चित्रकथी येतात. चित्रांचा गठ्ठा मांडीवर उभा धरायचा, वरचं चित्र लोकांना दाखवून त्याची कथा सांगायची, सांगून झालं की ते मागं सारायचं आणि पुढचं पुढं आणायचं. तू पाळण्यात असल्यापासून ते बघितलेलं. म्हणालास, "वाचूक कशाक व्हया? चित्रांच बोलतत."

आणि खरंच बोलली. रेल्वे फाटकाजवळ भिकूअण्णाचं हॉटेल होतं, आठव. रविवारी सकाळी फाटक बंद असो की उघडं, माणसं तिथं अडकलेलीच. तू बाकड्यावर बसून मांडीवर गठ्ठा उभा धरायचास आणि गाऊन-सांगून कथा करायचास. आवाज काढायचं काम माझं. कॅप्टनला मी आमच्या तालमीतल्या वस्तादाचा आवाज दिला, पोटोबाला तुझ्या मामाचा, आणि हिरव्याला आमच्या चुलत्याचा. चुलते स्वतः दोनदा येऊन ऐकून गेले, त्यांना काही कळलं नाही.

आता देवळातला गठ्ठा कथेकऱ्यानं हातानं लावलेला असतो, वर असेल ते पहिलं. बंगल्यातला गठ्ठा कुणी लावलेला नव्हता. पोरगं वाचून टाकत गेलं, जुना अंक तळाला, नवा वर. आपण रीतीप्रमाणं वरून धरलं.

पहिल्या रविवारी कॅप्टनचा सत्कार. भिकूअण्णा म्हणाला, "झाक. पर केलं काय ह्यानं?"

"ता पुढे कळतला," तू म्हणालास.

दुसऱ्या रविवारी समुद्रात बुडून हिरव्या मेला. लोक खुश. तिसऱ्या रविवारी तू अंक पुढं घेतलास तर हिरव्या बोटीवर उभा राहून हसतोय. मी आवाज काढायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तू म्हणालास, "हा त्याचा धाकटा भाव."

"मंग ह्यो कोण?" पुढच्या रविवारी हिरव्या पुन्हा दिसला तेव्हा भिकूअण्णा.

"हा मधला."

"इष्णू, किती भाऊ रं ह्याला?"

"आमच्या कोकणात घरां मोठी असतत," तू म्हणालास.

आणखी एक होतं. आठवड्यागणिक कॅप्टनचा डगला नवा होत चालला. हाताला बांधलेलं फडकं गेलं, बोटीचे पोचे बुजले, पोटोबा जाडा झाला. लोकांनी विचारलं तर मी सांगितलं, समुद्राची हवा चांगली असती. आणि गठ्ठ्याच्या तळाशी शेवटचा अंक. कॅप्टन घरात टेबलाशी बसलाय, म्हातारी आई कपात चहा ओततेय, एक हात त्याच्या खांद्यावर. तू ते चित्र नुसतं धरून बसलास, गायला नाहीस. माणसानं नाव काढलं, हिरव्याच्या सगळ्या भावांशी लढला, आणि शेवटी घरी येऊन आईच्या हातचा चहा घेतला. भिकूअण्णानं सगळ्यांना फुकट चहा पाजला. तो कधी मेव्हण्यालाही फुकट पाजत नव्हता.

त्या दिवशी कारखान्याच्या टाइम ऑफिसातले एक कारकून चहाला थांबले होते, पुण्याहून सायकलनं यायचे ते. त्यांनी गठ्ठा मागून घेतला, कोपऱ्यातले आकडे बघितले आणि हसत सुटले. "अहो, तुम्ही हे उलटं लावलंय. ही आई त्याला निरोप देतेय. गोष्ट इथनं सुरू होते. सत्कार शेवटी."

हॉटेल हसलं. तू कॅप्टनपेक्षा तांबडा झालास. मी म्हणलं, "साहेब, तुमचा चहा गार होतोय."

रस्त्यानं तू माझ्याशी धड बोलेनास. बोललास ते एवढंच, "लोकांका आपण खोटा सांगितला. पुढच्या रविवारी बरोबर सांगूया."

"बरोबरच सांगितली की. आवडली का न्हाई?"

"चित्रां काढणाऱ्यान जशी काढली तशी सांगूची."

"त्यो काय हितं फाटकावर राहतो? त्याला कोण इचारतंय? माणूस घरी आला की गोष्ट संपती. हार घालून रस्त्यात उभा केला म्हंजी संपली व्हय?"

"मेल्या, तुका काय कळता?"

"इष्णू, उलट्याची सुलट करणार आसशील तर आवाज तूच काढ."

आठवडाभर तू तुझा डबा बाटल्यांच्या खात्यात खाल्लास आणि मी माझा बॉयलरपाशी. तुझी सोलकढी नाही म्हणून मला जेवण जाईना, पण ते मी कुणाला सांगतोय. गावठाणातला माणूस आणि कोकणी माणूस, दोघांचीही मान एका बाजूलाच वळते.

रविवार आला. तू सगळी गोष्ट एका बैठकीत सुलट सांगायला घेतलीस. मी हॉटेलात गेलो, पण भिंतीकडं तोंड करून बसलो. आवाज तूच काढत होतास. तुझा हिरव्या मालवणीत धमक्या द्यायला लागला तेव्हा मला हसू दाबता येईना, म्हणून मी खोकलो. सरळ गोष्ट चांगलीच झाली, मी तेव्हा मान्य केलं नाही, आताही करायचं कारण नाही. आईचा निरोप, बोट, लढाई, एकुलता एक हिरव्या बुडाला, आणि शेवटी सत्कार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू गठ्ठा मिटायला लागलास.

तर भिकूअण्णा म्हणाला, "ती म्हातारी कुठं गेली?"

"खयची म्हातारी?"

"त्याची आई. किटली घिऊन बसली आसंल की. तिला कळलं का, ह्यो जित्ता हाय म्हणून?"

तू गठ्ठा चाळलास. मला पाठमोऱ्यालाही कागदांचा आवाज ऐकू येत होता. पुढचं चित्रच नव्हतं. नव्या अंकांची बोट यायला अजून दीड महिना. सगळं हॉटेल थांबलेलं, फाटकावर मालगाडी चाललेली. मालगाडी गेली. मग मागनं कुणीतरी म्हणलं, "ही बघा म्हातारी," आणि मला कळलं की तू काय केलंस. मागं सारलेला आईचा अंक तू काढलास आणि पुन्हा सगळ्यांत पुढं धरलास. आणि गाईनास. थांबलास.

विष्णू, मी वळलो नाही. भिंतीकडं तोंड करूनच म्हातारीचा आवाज काढला, "आलास बाबा? आधी हातपाय धू. किती वाळलायस."

हॉटेलात कुणीतरी नाक शिंकरलं. तू गठ्ठा मिटलास, माझ्या शेजारी येऊन बसलास आणि माझ्या कपातला चहा बशीत ओतून घेतलास. तिथं समेट झाला. निकाल मात्र लागला नाही. पुढं आयुष्यभर तू म्हणत राहिलास की गोष्ट तू सुलटच सांगितली, शेवटी जरा जोड दिला. मी म्हणत राहिलो की तू माझंच सांगितलंस, आधी जरा लांबण लावलीस. तुझ्या लग्नाच्या पंगतीत ह्यावर वाद झाला. माझ्या थोरलीच्या बारशात झाला. दवाखान्यात तुझ्या नाकात नळी होती तेव्हा तू बोटानं दाखवलंस, आधी हे, मग हे. मी मान हलवली, नाही.

साहेब दोन-तीन वर्षांनी यंत्रं चालू करून विलायतेला गेला आणि अंक यायचे थांबले. पण त्या दोन-तीन वर्षांत आपण फाटकावर केवढी दुनिया फिरवली. परवाच्या दिवाळीत नात कंपनीच्या गाडीत हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे अडकली होती, वेळ जात नव्हता म्हणून तिनं ते साप्ताहिक फोनवर हुडकलं. घरी येऊन म्हणाली, "आजोबा, ते पुढं दुसऱ्या मालकाकडं गेलं, मग चित्रं साधी झाली, पुढं दुसऱ्याच एका अंकात मिसळून टाकलं, आणि बंद." मला उगीच वाईट वाटलं. कारखान्यात दोन खाती एक केली तेव्हा आधी माझ्या खात्याची पाटी गेली होती, तसं. तुला फोन लावला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मग तुझ्या रीतीन लाव. आधी बंद पडला, मग मिसळला, मग चित्रां रंगीत झाली, आणि शेवटी पोरां दुकानापुढे रांग लावून उभी रवली. वायट काय असा?"

मी फोन ठेवून दिला. एवढं चांगलं उत्तर मला सुचायला पाहिजे होतं.

आता एक राहिलेलं. रिटायर झालास तेव्हापासून तू म्हणत होतास, गावी जातो, घर दुरुस्त करतो, पडवीत बसतो. मी दर वर्षी टोचायचो. "इष्णू, सत्काराचा नारळ घेतलास, घड्याळ घेतलंस, आता घरी जा. का रस्त्यातच उभा राहणार?" तू म्हणायचास, "जातंय, जातंय, ह्या मे महिन्यात." मे यायचा आणि जायचा. मला वाटायचं मी जिंकतोय. आणि खरं ते हे, की दर मे महिन्यात मी महिना कधी संपतो ते कॅलेंडरवर बघायचो. तू खरंच गेलास तर मी पुलाखालच्या टपरीवर कुणाशी बोलू? तोंडानं मात्र "जा" म्हणायचो. "नको जाऊस" हे आमच्याकडं बायकोला म्हणत नाहीत, तुला कुठनं म्हणणार?

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या प्रकाशला म्हणलं, "अस्थी कुडाळला न्यायच्या. मी येतो गाडीत. घाट लागला तर लागू दे." माझं ठरलेलं होतं. जन्मभर माझ्याशी वाद घातलेल्या माणसाला शेवटी मी घरी पोचवणार, आणि तिथं नदीच्या काठावर उभा राहून सांगणार, बघ, गोष्ट इथं संपते.

प्रकाश खाली बघत होता. म्हणाला, "काका, बाबांनी सांगून ठेवलंय. पवनेतच."

"का? गावाला काय झालं?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, सोपान भांडतलो. त्याका सांग, कुडाळात माका आता कोण ओळखता? हय सोपान रोज टपरीवर बसता. एक दिवस मी दिसलंय नाय तर घराकडे येऊन गाळी घालता. घर म्हणजे आणखी काय असता?"

मी प्रकाशला म्हणलं, चहा सांग. मग म्हणलं, नको. पोरगं शहाणं, त्यानं तरीही चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पवनेवर गेलो. तू मडक्यात, मी काठी टेकत. पाण्यावर जलपर्णी माजलेली, प्रकाशनं बांबूनं ती बाजूला केली तेव्हा कुठं हातभर पाणी दिसलं. पायऱ्या शेवाळलेल्या, सगळे म्हणाले काका तुम्ही वर थांबा. मी थांबलो नाही. गाव माझं आहे, पायऱ्या माझ्या पायाखालच्या आहेत. लहान असल्यापासून त्याच पायऱ्यांवरनं मी पाण्यात उड्या मारल्यात. प्रकाशनं मडकं पुढं केलं, मी हात लावला, आणि तू आमच्या नदीत उतरलास.

तर विष्णू, घराचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. घर इथंच, आणि तू पोचलास. एवढं एक मी आयुष्यात पहिल्यांदा लिहून देतोय, जपून ठेव. पण घरी पोचल्यावरच गोष्ट संपते हे तर मी भिकूअण्णाच्या हॉटेलापासून सांगत होतो. तेव्हा क्रमाच्या बाबतीत तू हरलास. ह्यावर तुझं काही म्हणणं असेल तर मी टपरीवर आहे.